बांधीतलं जंगल

मी आंबागड सोडलं त्या सकाळी आख्खं गाव एसटीपाशी जमलं होतं, आणि जिची लेक चालली ती माय जंगलात मोह वेचायला गेलेली. लग्न होऊन नवरा अमेरिकेला परतला होता, दादा मला विमानापर्यंत सोडणार होता. मला असा राग आला होता की विचारू नका. गाडी सुटायच्या बेताला ती आली. डोक्यावर टोपली, पोटऱ्यांपर्यंत राख. म्हणाली, "मोहा पडून राहिला, बाई. तो तुह्यासाठी थांबते का?" आणि पदरात तोंड खुपसून रडली. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

ती राख मोहाखालच्या पाल्याची. फुलं साफ जमिनीवर पडली की वेचायला सोपी जातात, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. त्यात नवी रोपंही जळतात. जी वाचतात ती गुरं खातात, नाहीतर सरपणाला जातात. मी दर खेपेला आले की घरामागचं जंगल आणखी मागे सरकलेलं दिसे.

अमेरिकेत आमच्या व्हरमाँटला सगळं उलटं. बॅकयार्ड संपलं की मेपल आणि बर्चचं दाट रान. आत शिरलं की दगडी कुंपणं लागतात, कशालाच न अडवणारी. शेजारची म्हातारी म्हणाली, इथे तिच्या आजोबांची मेंढरं चरायची. पोरं शहरात गेली, कुरणं पडीक राहिली आणि झाडं आपसूक आली, कोणी एक बी लावलं नाही. मी तर हरखूनच गेले. सुटीत आले की मायच्या मागे लागायची, पाला जाळू नको, रोपं वाचू दे, तिकडे बघ कसं आपोआप जंगल होतं.

मायनं सगळं ऐकून घेतलं. "मंग तिथल्या बाया जंगलात काय वेचतेत?"

काहीच नाही, म्हटलं, सगळं स्टोअरमधून आणतात.

"मंग जंगलात जाते कोन?"

कोणीच नाही, माय.

तिला माझी कीव आली असावी. "अशा जागी तू दिवसभर एकटी रायतेस?" एवढंच म्हणाली.

दादा नोकरीला नागपूरला गेला, तशी ती एकटी पडली. चल माझ्याकडे म्हणून मी किती विनवण्या केल्या. तिचं एकच, "मी आली तं बांधी कोन पाहीन?" बांधी म्हणजे जंगलाला लागून असलेलं आमचं धानाचं वावर. ऐंशीच्या दशकात ती गेली. तार उशिरा पोचली, त्यात स्नोमुळे विमानं बंद. मला तिचं तोंडही दिसलं नाही.

दोन-तीन पावसाळ्यांनी मी आणि दादा बांधीवर गेलो. जिथे मायनं उभा जन्म चिखलात वाकून रोवणी केली, तिथे पळस, तेंदू, धावडा कमरेइतका झालेला. धुरे, म्हणजे वावराचे बांध, दिसेनात. दादा माझी समजूत काढायला म्हणाला, "पाह्य, तू म्हनत होतीस ना, तसंच जंगल आपोआप येऊन राहिलं."

व्हरमाँटच्या ज्या रानाचं मी इतकी वर्षं कौतुक करत होते, तेही कुणाच्या तरी मायचं वावर होतं. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, दोन्ही देशांत मी एवढंच पाहिलं. माणसं उठून जातात, मग झाडं येतात.

मी खाली बसले आणि पळसाचं रोप उपटायला लागले. पळस असा उपटून निघत नाही. हात सोलवटले तरी मी ओढत होते.

"कायले उपटतेस?" दादानं माझा हात धरला. "आता इथं कोन येनार हाये?"

मायच्या रोजच्या येण्याजाण्यानं जिथे एक रोप वर येत नव्हतं, तेवढंच माझं घर होतं. आता तिथे सावली झाली आहे. लोक म्हणतात, किती छान हिरवं झालं. मला बघवत नाही.