चाळणीबाईंच्या समोरची खुर्ची

आमच्या विद्यापीठात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणतात. प्राध्यापकांना परदेशी जाऊन बाहेरचं काम करायचं असेल, तर अर्ज त्यांच्या टेबलावरून जातो. त्या कामातून इथलं काही नको त्या हातात पडणार नाही ना, हे बाईंनी बघायचं. सव्वीस वर्षांपूर्वी लघुलेखक म्हणून लागल्या, आता कक्ष सांभाळतात. त्यांचे यजमान बस चालवायचे. ते सांगतात, "हिच्याशी भांडताच येत नाही हो. ही नुसती ऐकते, आणि मीच सगळं कबूल करून मोकळा होतो!"

मी हसलो होतो. मला काय माहीत!

माझ्या अर्जात खोट नव्हती. परदेशी कंपनी, वर्षातून दोन भेटी, गुप्त कामाबद्दल बोलणार नाही अशी खाली सही. गुप्त काम म्हणजे जहाजाच्या पोलादाला गंजू न देणारा लेप. तो नौदलाला हवा होता, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. आमच्याआधी त्याची कृती दुसऱ्या कुणी छापली की तिची चार वर्षं पाण्यात.

"सही तर सगळेच करतात, सर," बाई म्हणाल्या. अर्ज बाजूला सारून त्यांनी चहा मागवला. "असं धरा, मी त्या कंपनीची आणि तुम्ही पाहुणे. बोलू या जरा."

खेळ वाटला मला. बाईंनी माझे जुने लेख वाचले होते! त्यांनी हळूच विचारलं, "इतकी वर्षं हे कुणालाच कसं जमलं नाही हो?"

झालं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरलं. "कारण सगळे भट्टी तापवत बसले!" मी म्हणालो. मग भट्टी का तापवायची नाही, ते सांगितलं. मग त्याऐवजी काय करायचं, किती तापमानाला, तेही. बाई मान डोलवत पेन्सिलीने काहीतरी गिरवत होत्या. मी खुशीत उठलो. आपण काही सांगितलं असं मला वाटलंच नाही, शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि माझ्या विद्यार्थिनीला बोलावलं. तिच्या हातात टाइप केलेली चार पानं दिली. वर नाव नाही, काही नाही.

दुसऱ्या पानावर तिचा चेहरा उतरला. "सर, हे माझं तिसरं प्रकरण आहे. तापमानासकट! कुणी छापलं हे?"

मी बाईंकडे पाहिलं. शास्त्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या या बाईने एका कप चहात माझी अख्खी प्रयोगशाळा रिकामी केली होती, आणि एक शब्द चुकवला नव्हता. धाक वाटला मला त्यांचा. नमस्कार करावासाही वाटला.

बाईंनी पानं परत घेतली, कागद कापायच्या यंत्रात घातली आणि तिला म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. कुठे छापलेलं नाही. कालच्या गप्पा आहेत नुसत्या."

"कुणाच्या?" तिने विचारलं.

बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. यंत्राची घरघर थांबली तरी मला वर बघवेना.

"माझ्या," मी म्हणालो.