ताईचे पैसे आणि वरची खोली

गाडी शिकवणाऱ्या माणसाला जगावर फार विश्वास ठेवून चालत नाही. मास्तरांच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक वेगळा ब्रेक होता आणि शिकणाऱ्याच्या आधी त्यांचाच पाय तो दाबायचा. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी कोणी आडवं आलं की यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत दाबला जाई. बायको म्हणायची, "संसारसुद्धा ब्रेकवर पाय ठेवूनच केलाय यांनी." त्यात खोटं काही नव्हतं.

ही गाडी मात्र त्यांनी मागचापुढचा विचार न करता घेतली होती. बँकेने नकारघंटा वाजवली, तेव्हा थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून पैसे काढून दिले. कागद नाही, व्याज नाही, मुदत नाही. असलं कर्ज फेडायला सगळ्यात अवघड. तगादा लावायला कोणी नसतं, म्हणून ते दर वर्षी पुढे ढकललं जातं. ढकलता ढकलता गाडी जुनी झाली.

मास्तरांची दुसरी मिळकत म्हणजे एका सुताराच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. ती भाड्याने दिलेली होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारा एक माणूस घरच्यांसह तिथे राहायचा, त्याला सगळे लॅबवालाच म्हणत. न्हाणीघराची नळी भिंतीतल्या भिंतीत गळत होती. लॅबवाला दर वर्षी सांगायचा, "मास्तर, भिंतीला ओल आलीय हो," आणि मास्तर दर वर्षी रंगारी पाठवायचे. रंगाचा हात फिरला की काही महिने भिंत गप्प बसायची आणि लॅबवालाही. शेवटी तो कंटाळून जागा सोडून गेला.

त्याच सुमारास मास्तरांची पोस्टातली ठेव हातात आली. रक्कम अशी, की ताईचं देणं जेमतेम फिटेल, नाहीतर भिंत फोडून जागा नीट होईल. दोन्ही जमणार नव्हतं.

"ताईंचे देऊन टाका," बायको म्हणाली. "त्या बोलत नाहीत म्हणून आपणही किती दिवस तोंडात गुळणी धरून बसायचं?"

"अगं, आधी जागा नीट करू. चांगलं भाडं येईल, त्यातून ताईचे हप्त्याहप्त्याने फेडू. सरळ हिशोब आहे."

"तुमचा हिशोब सरळच असतो. वळण आलं की बंद पडतो."

प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीवर टकटक केलं, मान हलवली आणि आकडा सांगितला. मास्तरांनी तो पुन्हा विचारून घेतला.

"एवढं नको असेल तर वरून रंग मारा," प्लंबर म्हणाला. "नव्या भाडेकरूला कळेपर्यंत करार झालेला असेल."

मास्तर हसले. हा सल्ला त्यांना नवा नव्हता. आठवड्याभरात रंगारी येऊन गेला, आणि ठेवीच्या रकमेचा चेक खिशात घालून मास्तर ताईकडे निघाले. दोन्ही प्रश्न एका फटक्यात मिटवल्याचा आनंद त्यांच्या चालण्यात दिसत होता.

ताई लेकाकडे राहायची. तिने चेक वाचला आणि परत मास्तरांपुढे सरकवला.

"राहू दे तुझ्याकडे. त्यापेक्षा तुझी ती वरची खोली मला दे. भाडं माझ्या पैशांतून कापत जा."

"इथे काही झालं का?"

"काही झालं नाही. नातवंडं मोठी झाली, घर अपुरं पडतंय. भांडणं सुरू व्हायच्या आत निघालेलं बरं."

कर्जही फिटत होतं आणि पैसेही हातात राहत होते. मास्तरांना मागूनही मिळालं नसतं असं दान होतं. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ताई, तिथे नको."

"का रे?"

"ओल आहे. भिंत आतून पोखरलीय. छाती धरेल तुझी."

"इतकी वर्षं माणसं राहिलीच की तिथे."

ताई मूळची हट्टी. जागा बघितल्याशिवाय ऐकेना, म्हणून ते तिला घेऊन गेले. जिन्यातच रंगाचा वास आला. आतल्या खोलीत ताईने कोपऱ्यातल्या भिंतीला तळवा लावला. रंग वाळला होता, पण भिंत गार होती. तिने नखाने जरा दाबलं, तर रंगाचा पापुद्रा गिलाव्यासकट खाली आला.

"उद्याच प्लंबरला बोलावतो," मास्तर घाईघाईने म्हणाले. "भिंत फोडून नळी बदलतो. ठेव सगळी त्यात गेली तरी चालेल. तोवर तुला इथे राहू देणार नाही मी."

ताई खाली बघत होती. फरशीवर पलंगाच्या पायांच्या खुणा होत्या, भिंतीला अगदी लागून.

"इथे कोण झोपायचं रे?"

"लॅबवाल्याची आई."

"केवढी होती?"

मास्तरांना इतकी लाज वाटली, की ताईकडे बघवेना.

"तुझ्याच वयाची," ते म्हणाले.