गिरजाबाईंना हवी होती चौथी

आमच्या शाळेत वर्ग चार आणि शिक्षकही चार. पहिली गिरजाबाई म्हात्र्यांची, दुसरी हेडमास्तर काळुराम ठाकूर यांची, तिसरी माझी आणि चौथी नमिता दळवींची. यातल्या तिसरीचा हेवा आजवर कोणी केलेला नाही. तिच्या वाट्याला ना पहिलीचे लाड, ना चौथीची परीक्षा. त्यामुळे मला दोन्हीकडे बघत बसायला भरपूर सवड मिळाली.

शाळा जिल्हा परिषदेची, पेण तालुक्यातली. कासू स्टेशनावर उतरून खाडीच्या बाजूला चालत सुटलं की आमचं गाव लागतं. अर्धी घरं भात लावणारी, अर्धी मिठागरावर जाणारी. गिरजाबाई याच गावच्या सून. नोकरीला लागल्या त्या पहिलीवर, आणि पहिलीवरच राहिल्या. जूनमध्ये पोरं भोकाड पसरत यायची, चड्डीत मुतायची, नजर चुकवून बांधावर पळायची. बाई बखोटीला धरून त्यांना परत आणायच्या, नाक पुसायच्या आणि मांडीवर घेऊन सुपासमोर बसवायच्या.

ते सूप त्यांनी घरून आणलेलं होतं. त्यात मिठागरावरचं बारीक मीठ पसरायचं आणि पोराचं बोट धरून अक्षर गिरवायचं. पाटीवर पेन्सिल टेकवायला घाबरणारं पोरही मिठात खुशाल बोट फिरवायचं, कारण अक्षर नीट आलं की बोट चाटायची परवानगी होती. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं, तेव्हा बाई ते घरी नेऊन चुलीपाशी सुकवून आणायच्या. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग त्यांना चुकून 'आये' म्हणायला लागायचा. "आये घरी! हितं बाई म्हन," असं त्या खेकसायच्या खऱ्या, पण खेकसताना चेहरा फुललेला असायचा.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग नमिता दळवी आल्या.

दळवीबाई रोह्याच्या. रोज सकाळच्या गाडीने कासूला उतरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. वय कमी, बोलणं मोजकं, साडीला कधी चिखल लागलेला मी पाहिला नाही. त्यांनी चौथी घेतली आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या शाळेचं पहिलं पोर शिष्यवृत्तीला बसून पास झालं. पंचायत समितीने पेणला दळवीबाईंचा सत्कार केला. आणि काळुराम गुरुजींनी उत्साहाच्या भरात व्हरांड्यात एक काळा फळा ठोकला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने पोराचं नाव, वर्ष आणि शेवटी 'मार्गदर्शक शिक्षक' म्हणून दळवीबाईंचं नाव.

पिण्याच्या पाण्याचा माठ नेमका त्याच फळ्याखाली होता. गिरजाबाईंना तहान फार लागायची. त्या दिवसापासून पाणी पिताना त्यांची मान वर जायची आणि पाणी कडू लागल्यासारखं तोंड व्हायचं.

"कान्हू, मला सांग," त्या मला म्हणायच्या, "ह्या पोराला अ कोनी शिकवला?"

"तुम्ही, बाई."

"शेंबूड कोनी पुसला?"

"तुम्हीच."

"मग हिथं नाव कोनाचं?"

दरवर्षी फळ्यावर एखाद-दुसरं नाव वाढत गेलं आणि दरवर्षी मार्गदर्शक त्याच. रोह्याकडच्या शाळांतले गुरुजी प्रश्न विचारायला दळवीबाईंना गाडीत गाठायचे. केंद्राच्या बैठकीत केंद्रप्रमुख उठून त्यांना खुर्ची द्यायचे, आणि गिरजाबाई मागच्या बाकावरून ती खुर्ची बघत राहायच्या. गाडी उशिरा आली की गिरजाबाई व्हरांड्यात उभ्या राहून मोठ्याने घड्याळ वाचायच्या, हेडमास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. निकालाचे पेढे आले की "मला गोड चालत नाय" म्हणून नाक मुरडायच्या आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, "उरलेत का रं?" नुसता जळफळाट! मला हसू यायचं. पण एकदा शाळा सुटल्यावर त्यांना फळ्याखाली एकट्या उभ्या पाहिलं. एका नावावरून त्या बोट फिरवत होत्या. पोराच्या नावावरून नाही, दळवीबाईंच्या. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

शहाण्णवच्या जूनमध्ये त्यांनी काळुराम गुरुजींना गाठलं. मी तिथेच हजेरी मांडत होतो.

"गुरुजी, मना चौथी द्या."

"आता? दोन वर्सांत तुम्ही रिटायर व्हनार. कशाला डोक्याला ताप?"

"म्हनूनच द्या. सगळा जलम पहिलीत गेला. त्या फळ्यावर एकदा माजं नाव येऊ दे. एकदाच. मग मी घरी जायला मोकली."

गुरुजी गोंधळले. दळवीबाई चौथी सोडतील असं आम्हा कोणालाच वाटत नव्हतं. पण गुरुजींनी भीत भीत विषय काढला तर त्या लगेच म्हणाल्या, "घेते मी पहिली." इतक्या लगेच, की मलाच चमत्कारिक वाटलं. गिरजाबाईंनी त्यातही खोट काढलीच. "बघितलंस? पहिली म्हंजे हिला आराम वाटतो. कलेल आता."

सूप मात्र पहिलीच्या वर्गात खिळ्यालाच राहिलं. चौथीच्या घोड्यांना ते कशाला लागणार होतं?

ते वर्ष गिरजाबाईंनी कसं काढलं ते मी शेजारच्या वर्गातून बघितलं. भाषा त्यांना यायची, गणित निभावायचं, पण बुद्धिमत्तेच्या प्रश्नांनी त्यांचा घाम काढला. एक आकृती दिलेली, पुढची कोणती ते ओळखा. बाई पुस्तक उलटंसुलटं करून बघायच्या. दळवीबाई भिंतीपलीकडे होत्या. एक हाक मारली असती तर सगळं सांगितलं असतं त्यांनी. पण हाक मारणार कोण? मग माझी वरात निघायची. "कान्हू, तू इचार. तुला पायजे म्हनून सांग." तिसरीच्या मास्तराला शिष्यवृत्तीचे प्रश्न कशाला पाहिजेत, हे दळवीबाईंनी कधी विचारलं नाही. त्या मला समजावून सांगायच्या, मी इकडे येऊन सांगायचो, आणि बाई म्हणायच्या, "हां, मला वाटलंच व्हतं."

प्रणिता नावाची एक पोर त्यांच्या हाती लागली होती. बाप मिठागरावर, आईही तिथेच. पोर हुशार आणि हट्टी. बाईंनी तिला सकाळी घरी बोलावून शिकवलं, भाकरी खाऊ घालून शिकवलं, परीक्षेला पेणला स्वतः घेऊन गेल्या आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या गेटपाशी उन्हात उभ्या राहिल्या. पुढच्या जूनमध्ये निकाल आला. प्रणिता पास झाली होती.

त्या दिवशी गिरजाबाईंनी स्वतः पेढे वाटले आणि पहिला दळवीबाईंच्या हातावर ठेवला. बघतच राहिल्या, खाते की नाही ते. दळवीबाईंनी खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. गिरजाबाईंचा विरसच झाला थोडा. शेवटचं वर्ष होतं, काळुराम गुरुजींनी विचारलं, "आता परत पहिली घेता का?" बाई म्हणाल्या, "सोडते होय मी चौथी!"

आता फळ्यावर नाव यायचं तेवढं राहिलं. पण नाव लिहिणारा नाथा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. आषाढ-श्रावणात पेणचा रंगारी स्वतःच्या लग्नालासुद्धा यायचा नाही, मग आमच्या फळ्याला कोण विचारतो? दरवर्षी गणपती बसले की तो मोकळा व्हायचा, आणि गणपती गेले की आमच्याकडे यायचा. तोवर बाईंनी थांबायचं. पावसाळाभर त्या माठाशी जायच्या, दळवीबाईंच्या शेवटच्या नावाखालची मोकळी जागा बघायच्या आणि पाणी पिऊन यायच्या.

त्याच पावसाळ्यात दुसरं एक घडत होतं. चौथीची पोरं बाई बोलल्या की ऐकायची, गणितं करायची, घंटा झाली की पळायची. मांडीवर कोणी बसत नव्हतं. नाक पुसायला कोणी येत नव्हतं. प्रणिता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती. ती एकदा रस्त्यात भेटली तर "नमस्ते बाई" म्हणून मैत्रिणीबरोबर पुढे गेली. बाईंनी मला ते दोनदा सांगितलं. आणि भिंतीपलीकडून पहिलीचा कालवा ऐकू यायचा. शिकवता शिकवता बाई मधेच थांबायच्या आणि तिकडे कान द्यायच्या.

"हिला पोरं रडवतात वाटतं," एकदा त्या समाधानाने म्हणाल्या.

"रडत नाहीत बाई, हसताहेत," मी म्हणालो. मला गप्प बसता आलं असतं.

गणपती गेले आणि नाथा आला, डबा-ब्रश घेऊन. तोही बाईंचाच जुना विद्यार्थी. बाई वर्गाला शुद्धलेखन देऊन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. "सावकाश लिव. पुसट नको." नाथाने प्रणिताचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, आणि मार्गदर्शकाच्या रकान्यात बाईंचं नाव काढायला घेतलं. मी दारात उभा होतो. आमच्या केंद्रात इतकी खूश बाई मी दुसरी पाहिली नाही.

तेवढ्यात पहिलीच्या दारातून हाक आली.

"आये! मना पानी पायजे!"

बाई उठल्याच. इतक्या वर्षांची सवय. "आले गो बाय," म्हणत माठातून पेलाभर पाणी घेऊन त्या निघाल्या. दारात शकू उभी होती, जनू म्हात्र्याची पोर, पहिलीतली. तिने गिरजाबाईंकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि बाईंच्या बाजूने वाकून वर्गात बघत पुन्हा ओरडली, "आये!" आतून दळवीबाई बाहेर आल्या. साडीच्या निऱ्यांना मीठ लागलेलं होतं.

गिरजाबाईंच्या हातातलं पाणी सांडलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. फळ्याखाली पाच वर्षं जे पाहिलं ते काहीच नव्हतं.

"सूप माझं हाय," त्या म्हणाल्या. "माझं मला परत द्या."

"बाई, वर्ग चालू आहे—"

"माझ्या घरचं हाय ते. द्या म्हनते ना!"

दळवीबाई आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. गिरजाबाईंनी ते ओढून घेतलं. पण शकूने दुसरी कड धरली. तिचं अक्षर अर्धं राहिलं होतं आणि बोट चाटायचं राहिलं होतं. "मना दे! मना दे!" करून तिने भोकाड पसरलं. मीठ दोघींच्या पायांवर सांडत होतं. बाई ओढत होत्या, पोर सोडत नव्हती. मला वाटलं, आता हिला एक रपाटा बसणार.

बाई मटकन खाली बसल्या, तिथेच उंबऱ्यापाशी. पदराने पोरीचं नाक पुसलं. उरलेलं मीठ सुपात सारखं केलं आणि शकूचं बोट हातात धरलं.

"काढ. कंचं अक्षर चाललं व्हतं?"

"क," शकू हुंदका देत म्हणाली.

चौथीत गोंधळ सुरू झाला होता. मी मधल्या दारात उभा राहून दोन्ही वर्गांवर ओरडलो. तिकडे नाथाने ब्रश डब्यात बुडवला आणि मागे सरून हाक मारली, "बाई, झालं नाव! बघा, बरोबर हाय का?"

गिरजाबाईंनी मान वर केली नाही.

"थांब मेल्या," त्या म्हणाल्या, "हिचा क अजून उलटा हाय."

शकू त्यांच्या मांडीवर सरकली. दळवीबाई रिकामे हात घेऊन दाराला टेकून उभ्या होत्या आणि त्या मांडीकडे बघत होत्या, गिरजाबाई फळ्याकडे बघायच्या तशाच. त्यांनी चौथी इतक्या पटकन का सोडली होती, ते मला तेव्हा कळलं.