करड्या थरातलं तांबं

मुलांनो, लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमचं किनवटजवळचं गाव दुष्काळाने उठायच्या बेतात होतं. तांबं शोधायला आलेले साहेब दगड थुंकीने ओला करून भिंगातून पाहायचे. "लाल खडकातलं तांबं पाण्याबरोबर येऊन या करड्या थरात बसलं, वर हिरवा गंज चढला," असं सांगायचे.

"लई हाय का, साहेब?" शेजारच्या मावशी विचारायच्या.

"बोटभर थर आहे, मावशी."

शेवटच्या बोअरला तांबं नाही, पाणी लागलं. नियमाने पाइप काढून भोक बुजवायचं होतं.

"पाइप निघत नाही, असं लिही," साहेब यंत्रावरच्या माणसाला म्हणाले.

"निघून राहिला की, साहेब!"

साहेबांनी भिंग उचलून त्याच्याकडेच पाहिलं. त्याने लिहिलं.

त्या पाइपावर हातपंप बसला. गावातल्या एकाही दाराला कुलूप लागलं नाही.