धावणारी म्हातारी

आमच्या घरात स्वस्थ बसणं कुणालाच जमत नाही, आणि त्यात पहिला नंबर आमच्या कुत्रीचा. मुलगी शाळेत होती तेव्हा नवऱ्यानं या कुत्रीला गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानाच्या पायरीखालून उचललं आणि शर्टात घालून स्कूटरवरून घरी आणलं. आता मुलगी पुण्यात नोकरी करते, स्कूटर केव्हाच गेली, आणि कुत्रीच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले. पण म्हातारपणाचा दुसरा एकही गुण तिनं अंगाला लावून घेतला नव्हता.

कुकरची शिट्टी झाली की ती उठायची. फाटकाची कडी वाजली की उठायची. शेजारच्यांची बेल वाजली तरी आपल्याकडेच कुणी आल्यासारखी सुटायची. फाटकापासून हॉलमध्ये, सोफ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारापर्यंत, आणि तसंच परत. मी शाळेत शिकवते. दुपारी येऊन जरा पाठ टेकली की फरशीवर तिच्या नखांची टकटक सुरू. "अगं, बस ना एकदाची!" मी ओरडायची. ती क्षणभर थांबायची, कान हलवायची, की निघाली.

गेल्या दिवाळीनंतर माझे सासरे कायमचे आमच्याकडं राहायला आले. त्यांना मी मामा म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य बिडकीनजवळच्या शेतात गेलं. निम्मी जमीन कारखान्यांच्या भागात गेली, उरलेली माझे चुलत दीर बटईनं, अर्ध्या वाट्यावर करतात. सासूबाई गेल्यावर मामा गावी एकटेच होते, आणि एकदा बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा नवरा त्यांना इकडं मुकुंदवाडीला घेऊनच आला. बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं म्हणाले, म्हणून हॉलमधला सोफा आतल्या खोलीत नेला, टीपॉय, कुंडी, चपलांचा रॅक सरकवला आणि सोफ्याच्या जागी त्यांचा लोखंडी पलंग टाकला.

पहिल्याच दिवशी कुत्री पलंगाच्या पायावर आदळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती त्या पलंगावर भुंकायला लागली. चालणं तर दुपटीनं वाढलं. मध्येच थबकायची, कण्हायची, भिंतीला अंग घासत पुढं जायची. मामा पलंगावर पाय वर घेऊन बसून तिच्याकडं बघत राहायचे.

"कुत्रं दारात असतं, बाई. घरात नसतं," ते मला म्हणाले. "हिला माझं येणं मानवलं नाय."

"तसं काही नाही, मामा."

"हट्ट करतीय ती," नवरा म्हणाला. मुलगी फोनवर म्हणाली, "तिला लक्ष हवंय गं, आई." आणि मला मात्र घरात शिरणंच नको व्हायचं. एकीकडं कुत्रीची टकटक, दुसरीकडं मामांचं मिनिटामिनिटाला उठून खिडकीशी जाणं. तेही सकाळ-संध्याकाळ स्टेशनपर्यंत चालत जायचे, बाकावर बसून गाडी बघायचे, आणि परत येऊन पुन्हा खिडकीशी.

एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ओली चादर दोन्ही हातांत धरलेली. कुत्री फाटकाकडून धावत आली, अगदी सरळ माझ्यावर, आणि हातभर अंतरावर थांबून माझ्याकडं तोंड करून गुरगुरली. माझ्याकडं! साबणाच्या वासात माझा वास तिला लागला नसावा. मी काही न बोलता चादर खांद्यावर टाकली आणि तिच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला. डोळे उघडे होते, नेहमीचेच तपकिरी. पण हलले नाहीत.

"मी आहे गं," मी म्हणाले. त्यासरशी तिचं शेपूटच काय, अख्खं अंग हलायला लागलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. "हे आजकालचं नाही," ते म्हणाले. "बरेच महिने झाले असतील. तुमचं घर तिला पाठ आहे, त्यावर चाललं होतं तिचं."

"ऑपरेशन करता येईल?"

"याला ऑपरेशन नाही. एवढंच करा, घरातल्या वस्तू हलवू नका."

संध्याकाळी नवऱ्यानं ते ऐकलं आणि हॉलच्या दारातच उभा राहिला. मग चपलांचा रॅक, टीपॉय, कुंडी, सगळं पूर्वीच्या जागी नेऊन ठेवलं. राहिला तो पलंग. त्याच्याकडं आम्ही दोघंही बघत नव्हतो. मामांना ते कळलंच.

"माझा पलंग व्हरांड्यात टाका," ते म्हणाले.

"एवढ्या थंडीत व्हरांड्यात?"

"जलमभर रानात झोपलो मी."

"दादा, लोक काय म्हणतील? तुम्हाला इथं आणलं ते व्हरांड्यात ठेवायला?" वडिलांवर नवऱ्याचा आवाज चढला.

"मग परत न्या बिडकीनला. मला तरी कुठं करमतंय इथं!"

एवढे दिवस जे कुणी बोललं नव्हतं ते असं एकदम बाहेर पडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभी. आम्हा तिघांच्या मधून कुत्री मात्र फिरत होती, एकेकाच्या पायाला नाक लावून पुढं जात होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पलंगाच्या चारी पायांना जुनं धोतर गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधलेलं. कुत्री आली, धडकली, पण आवाज झाला नाही. "हं, इकडून," मामा पलंगावरूनच म्हणाले आणि बोटांनी पलंगाच्या लोखंडी कडेवर टकटक केली. तिनं कान टवकारले आणि वळसा घेतला. मला बघून मामा म्हणाले, "माणसाला सांगावं लागतं, तिला कामून नाय सांगायचं?"

त्यानंतरच्या रविवारी नवरा त्यांना शेत दाखवायला नेणार होता. गाडीत बसताना मामा म्हणाले, "हिलाबी घ्या."

कपाशी उपटून, नांगरून, वखराची पाळी घालून रान सपाट केलेलं होतं. एका कोपऱ्यात मात्र कठडा नसलेली विहीर. नवऱ्यानं कुत्रीच्या गळ्याची दोरी सोडली आणि कबड्डीत चढाईवाल्याला अडवावं तसा हात पसरून विहिरीपुढं जाऊन उभा राहिला. कुत्री जागची हलेना. एक पाऊल टाकायची, थरथरायची, पुढं काहीतरी आदळणार म्हणून मान मागं घ्यायची. मामा लांबच्या बांधावर गेले आणि तिथून त्यांनी आरोळी ठोकली. शेतात गडी-माणसांना हाका घालत असतील तशी, लांबलचक.

ती निघाली. आधी दबकत, मग जरा जोरात, आणि मग सुटलीच. कान मागं पडलेले, चारी पाय मातीवर टेकतात की नाही कळेना. मामांच्या गुडघ्यांवर जाऊन धडकली आणि दोघंही ढेकळांत बसले. "दादा!" नवरा ओरडला, पण विहीर सोडून त्याला हलता येईना. मामांनी मातीनं भरलेला हात वर केला. "आता तू हाक मार, बाई!" मी हाक मारली. ती माझ्याकडं आली. मग पुन्हा मामांकडं. घरी निघताना ती गाडीत चढायला तयार नव्हती, आणि मामाही लवकर आले नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. पेरणीचे दिवस आले तेव्हा चुलत दीर म्हणाले, "काका, आता रानात तूर टाकतोय. कुत्रीला बांधून ठेवा."

"बांधालगतचा एवढा पट्टा सोड," मामा म्हणाले.

"कशाला?"

"हिला."

"कुत्र्यापायी जमीन पडीक ठेवायची? गाव हसंल, काका."

"कारखान्याला निम्मी गेली तवा कुणी हसलं नाय. आता हसू दे."

दीर माझ्या नवऱ्याकडं बघायला लागले. नवरा बुटांवरची माती झटकत राहिला. पट्टा सुटला.

आता तूर माझ्या खांद्याला लागते. मधल्या मोकळ्या पट्ट्यात ती पळते, एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मी. कधी कधी तिची दिशा चुकते आणि ती तुरीत शिरते. मग नुसते शेंडे हलताना दिसतात, इकडं, तिकडं, विहिरीच्या अंगाला. नवरा तिकडं धावतो, मी घसा फाटेस्तोवर हाका मारते. परवाच्या रविवारी ती बाहेर आली ती नाकावर ओरखडा घेऊन, जीभ लोंबत होती, पोट भात्यासारखं हलत होतं.

"पुरं आता," नवरा दोरी घेऊन पुढं झाला.

ती तोवर वळलीही होती.

"राहू दे रे," मामा म्हणाले. "अजून एक खेप हू दे तिची."