तेरा सेकंदांचं थेट प्रक्षेपण

रत्नागिरीतल्या एका केबल चॅनेलवर मी सतरा वर्षं काम करते. संध्याकाळच्या स्थानिक बातम्या मीच लिहिते, मीच वाचते आणि कॅमेरावाला रजेवर असला तर कॅमेराही मीच लावते. उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही, कुठल्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं, बंदरात काय घडलं, असल्या बातम्या. लोक आम्हाला बघायचे, पण जेवता जेवता. आमच्यासाठी कुणी उठून टीव्हीचा आवाज वाढवला असेल असं मला वाटत नाही.

शहराबाहेर सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, नव्या रस्त्याचा एक सरळ तुकडा तयार झाला होता आणि वाहतुकीला अजून उघडायचा होता. मोटरसायकलच्या हौशी मंडळींनी रीतसर परवानग्या काढून तिथे ड्रॅग रेस भरवली. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि चारशे मीटर सरळ सुटायचं. वळण नाही, फेऱ्या नाहीत. बारा-तेरा सेकंदांत निकाल. आमच्या चॅनेलच्या मालकांनी मोठ्या उत्साहाने थेट प्रक्षेपण अंगावर घेतलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

त्या पहिल्या वर्षी आम्ही जे दाखवलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. जाहिरातीसाठी आम्ही इंटरनेटवरून एका परदेशी मोटारीचं चित्र काढलं, तिच्या मागे ज्वाळा लावल्या आणि आठवडाभर तेच दाखवलं. शर्यतीत मोटार एकही नव्हती. कॅमेरे दोन, आणि त्यातला चांगला कॅमेरा व्यासपीठासमोर, कारण पाहुणे तिथे. दुसरा रस्त्याच्या कडेला. गाड्या समोरून गेल्या की कॅमेरावाला मान फिरवायचा तोवर पडद्यावर फक्त धूळ. समालोचनाला आम्ही शहरातले एक नामवंत निवेदक आणले होते. त्यांनी सुरुवात केली, "कोकणच्या या तांबड्या मातीच्या कुशीत, सह्याद्रीच्या साक्षीने..." आणि सह्याद्रीपर्यंत पोचेपर्यंत शर्यत संपली होती. अंतिम शर्यतीच्या वेळी तर ऐन हिरव्या दिव्याला आमच्याकडे साड्यांच्या सेलची जाहिरात लागली. परत आलो तेव्हा हार घातले जात होते.

दोन दिवसांनी एक गृहस्थ ऑफिसात आले. साठी उलटलेली, पांढरी दाढी नीट कातरलेली, हाताच्या रेघांत ग्रीस मुरलेलं. गाड्यांचं गॅरेज चालवतात एवढं मला माहीत होतं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, एक विचारतो. तुम्ही शर्यत दाखवलीत की पाहुणे?"

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

चाचांनी अकरा वर्षं आखातात एका ड्रॅग रेसच्या ट्रॅकवर नोकरी केली होती. सुरुवातीच्या रेषेवरचा रस्ता साफ करायचा, टायरला पकड मिळेल असा ठेवायचा, हे त्यांचं काम. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे त्यांच्या डोक्यावरच असायचे. त्यांनी माझ्या टेबलावरची दोन पेनं शेजारी शेजारी ठेवली.

"शर्यत दिव्याच्या आधी सुरू होते," ते म्हणाले. "टायर गरम करतात, धूर निघतो, माणूस हेल्मेटची काच खाली ओढतो, क्लचवरची बोटं थरथरतात. ते दाखवा. पहिला कॅमेरा तिथे. दुसरा शेवटच्या रेषेच्या पलीकडे, उंचावर. गाड्या बघणाऱ्याच्या अंगावर आल्या पाहिजेत. आणि तिसरा शेवटच्या रेषेवर, आडवा. तो हलवायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. जो आधी त्या रेषेला शिवला तो जिंकला, हे घरातल्या पोराटोरालाही दिसलं पाहिजे."

"आमच्याकडे दोनच कॅमेरे आहेत चाचा."

"मग लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा आणा. मुहूर्त नसेल त्या दिवशी तो रिकामाच असतो."

जाताना दारातून वळून म्हणाले, "आणि ते कविता वाचणारे साहेब नकोत."

पुढच्या वर्षीही तो रस्ता उघडला नव्हता. रेस पुन्हा ठरली तेव्हा मी मालकांसमोर चाचांनी सांगितलेलं सगळं मांडलं. तिसरा कॅमेरा त्यांनी मान्य केला. शर्यत चालू असताना जाहिरात नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अगं, जाहिरातवाले आपले अन्नदाते."

"दोन शर्यतींच्या मध्ये दाखवू. तेव्हा लोक जागेवर बसलेले असतील. आता ते वैतागून चॅनेल बदलतात."

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला आणि म्हणाले, "बघ बाई. फसलं तर तुझ्या नावावर."

समालोचक मात्र मिळेना. क्रिकेटवाले बघितले, नाटकवाले बघितले. तेरा सेकंद म्हटलं की सगळ्यांची त्रेधा. मग एका सकाळी मी मासळीच्या भावाच्या बातमीसाठी बंदरावर गेले होते. तिथे एक मावशी लिलाव पुकारत होत्या. कोळ्याच्या घरातल्या, पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेला. त्यांच्यासमोर सुरमईचा ढीग आणि भोवती वीसेक व्यापारी. कुणी बोट हलवलं, कुणी भुवई उडवली, कुणी मागे सरला, हे सगळं त्या एका दमात सांगत होत्या, आणि त्यांचा प्रत्येक शब्द मला लांबून कळत होता. मी डायरी मिटली आणि नुसती ऐकत उभी राहिले.

लिलाव संपल्यावर मी त्यांना विचारलं. त्या हसल्याच. "बाय, मना बाईक चालवता येत नाय."

"चालवायची नाही मावशी. बघून सांगायचं."

"काय सांगायचा?"

"कोण पुढे, कोण मागे."

त्यांनी हात पाण्यात बुचकळले, पदराला पुसले. "ता मी रोज सांगतंय," त्या म्हणाल्या.

मालकांनी डोक्याला हात लावला. पण चाचांनी मावशींना गॅरेजवर बोलावून चार दिवस शिकवलं. हिरव्याआधी सुटला तर लाल दिवा लागतो आणि तो बाद. एखादा सुरुवातीला मागे पडून शेवटी गाठतो, कारण त्याची गाडी वरच्या गिअरला जास्त ओढते. मावशी ऐकून असं काही बोलायच्या, की चाचा खूश व्हायचे. "म्हनजे एक दिव्याला चपळ नि दुसरा गाडीला जोरदार. मग बघायचा कोन कोनाला पुरतो ता."

ज्वाळांचं चित्र मी फेकून दिलं. त्याऐवजी शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाची एक एक मिनिटाची फिल्म केली आणि रोज बातम्यांच्या आधी एक दाखवली. हेदवीचा एक लाईट फिटिंगवाला होता, तो गाडीला हात लावण्याआधी दशभुजा गणपतीला जाऊन यायचा. बुरोंडीचा एक जण बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आतला आवाज ऐकत होता, आणि आम्ही ते मिनिटभर तसंच दाखवलं, वर एक शब्द न बोलता. खेडची एक मुलगी होती, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तिला विचारलं, एसटीत आणि रेसमध्ये फरक काय? ती म्हणाली, "बस दहा मिनिटं उशिरा सुटली तरी खपतं. इथे पापणी मिटली की रेस गेली."

तिसऱ्या दिवशी फोन यायला लागले. आज कुणाची फिल्म आहे? खेडवालीची पुन्हा दाखवा. भाजी घेताना मला बायका विचारायच्या, बुरोंडीवाल्याचं लग्न झालंय का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक आमची वाट बघत होते.

शर्यतीच्या दिवशी सड्यावर वारा जोरात होता. मांडववाल्याने दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी उंच मचाण नीट बांधलं होतं. शेवटच्या रेषेवर लग्नाचा कॅमेरावाला उभा होता आणि मी त्याला सकाळपासून चौथ्यांदा सांगत होते, "हलवायचा नाही."

"ताई, माणूस दिसला की हात आपोआप चेहऱ्याकडे जातो हो."

"चाकाकडे बघा. आज चाक हीच नवरी."

पहिल्या शर्यतीआधीच घोळ झाला. पन्नास-साठ माणसं दोरी वाकवून पुढे आली आणि बरोबर त्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. स्वयंसेवक शिट्ट्या वाजवून दमले. माझ्यासमोरच्या पडद्यावर नुसत्या पाठी. मी हेडफोनवर मावशींना म्हटलं, काहीतरी करा.

लाऊडस्पीकरवरून आवाज आला, "ए निळ्या शर्टवाल्या, होय, तूच. माझी सगली गिऱ्हाइकां तुझ्या पाठीमागे हायत. तुझी पाठ बघूक ती टीव्ही लावून नाय बसली. मागे हो राजा. शेजारच्यालाही घेऊन जा."

सगळीकडे हशा पिकला. निळा शर्ट लाजत मागे गेला आणि त्याच्याबरोबर अख्खी रांग. दोरी परत सरळ झाली.

मग पहिली जोडी आली. पडद्यावर क्लचवरची बोटं, मग दिवे, मग समोरून अंगावर येणाऱ्या दोन गाड्या, मग ती स्थिर रेषा. मावशी पहिल्यांदा किंचित अडखळल्या. दुसऱ्या जोडीला त्या बंदरावर पोचल्या होत्या. तिसऱ्या जोडीनंतर मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले ते गेलेच नाहीत. मोबाईलवरही आम्ही लाइव्ह होतो आणि खाली संदेश धावत होते. आखातातल्या खोल्यांतून, बोटींवरून, पुण्यामुंबईतून. कुणीतरी लिहिलं होतं, "ही बाई कोण? हिला थांबवू नका."

अंतिम शर्यतीत खेडवाली आणि बुरोंडीवाला आले. तीन पिवळे दिवे, आणि हिरवा.

"सुटली खेड, बुरोंडी अर्धी गाडी मागे, मागे हाय, मागे हाय, आता जाग आली, बुरोंडी येतोय, चाक सरकला, कोपर सरकला, खेड दबत नाय, बुरोंडी लागला, लागला, बरोबरी, बरोबरी... खेड. वीतभर खेड."

सड्यावर एवढा गलका झाला की मला हेडफोनमधलं काही ऐकू येईना. बुरोंडीची मंडळी हात उंचावून ओरडत होती की आपलाच जिंकला. मी रेषेवरच्या कॅमेऱ्याचं चित्र मागे घेतलं आणि सावकाश पुढे सोडलं. कॅमेरा केसभर हलला नव्हता. खेडवालीचं पुढचं चाक रेषेला टेकलं, आणि बुरोंडीवाल्याचं एक वीत मागे. प्रेक्षकांसाठी रस्त्याकडेला लावलेल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी ते पाहिलं. उंचावलेले हात खाली आले आणि टाळ्या वाजवू लागले. सर्वांत आधी बुरोंडीवाल्याने हेल्मेट काढलं आणि जाऊन तिच्याशी हात मिळवला. तेही आमच्या कॅमेऱ्यात आलं.

नंतर कळलं की खेडच्या डेपोत चालक-वाहक सगळे एका मोबाईलभोवती जमले होते आणि एक गाडी उशिरा सुटली. तक्रार कुणी केली नाही, कारण प्रवासीही खाली उतरून तेच बघत होते. मालकांनी ती वीतभर शर्यत माझ्याकडून कितीदा परत लावून घेतली त्याची गणतीच नाही. मावशी चहा पीत होत्या आणि माणसं येऊन त्यांच्या पाया पडत होती. चाचा जवळ आले. "समोरच्या कॅमेऱ्यात हेडलाईट डोळ्यावर आला दोनदा," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाकी आखातातल्यापेक्षा चांगलं झालं."

ऊन उतरल्यावर मी स्कूटरवरून घरी निघाले. वाटेत टपरीवर चहाला थांबले. बाकड्यावर दोन म्हातारे तावातावाने बोलत होते. एक म्हणत होता, खेडवालीची गाडी हलकी, म्हणून जिंकली. दुसरा मान हलवत म्हणाला, "गाडी नाही रे. हिरवा लागला तेव्हा बुरोंडीवाल्याने पापणी मिटली. तिथेच गेली त्याची. शेवटी त्याने किती भरून काढलं बघितलंस ना?"

"बघितलं ना. पण कुठून सुरू झालं ते सांग. तिसऱ्या गिअरला की चौथ्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी चहा संपवला, पण उठले नाही. आणखी एक सांगितला आणि त्यांचं ऐकत बसले.