चिंचेचे दक्षता अधिकारी

"तुमच्याकडे हिंग कुठला वापरतात?"

आमच्या विक्रोळीच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं, की सामान टेम्पोतून उतरायच्या आत काका जाऊन हा प्रश्न विचारायचे. माणसं गोंधळायची. कुणाला वाटायचं हे हिंग विकतात, कुणाला वाटायचं म्हातारा हलला आहे. एका बाईंनी तर घाईघाईत डबीच काढून पुढे केली. काकांनी ती उघडली, वास घेतला, किती उरलाय ते पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणून परत दिली.

काकांचं नाव सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. "नाव कशाला हवंय तुम्हाला?" असं त्यांनी तुम्हालाच विचारलं असतं. एका सरकारी महामंडळाच्या दक्षता विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. लोक खातात कसं आणि लपवतात कुठे, हे पाहण्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाल्याचं दूध, शेजाऱ्याचा नमस्कार, सोसायटीच्या मीटिंगमधला फुकटचा सामोसा, सगळं त्यांच्या लेखी चौकशीखालीच असायचं.

या सगळ्या संशयाचा मुक्काम होता आमच्या गेटजवळची चिंच. कॉलनी व्हायच्या आधीपासूनची, इथे शेतं होती तेव्हाची. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं खोड. आता तुम्हाला माहीत असेल, झाड कापायला परवानगी लागते, पण झाड आपोआप वाळलं तर कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडे समज असा, की खोडाला भोक पाडून त्यात हिंग भरला की भलं मोठं झाडही बसल्या जागी वाळतं. खरं-खोटं देव जाणे. काकांचा मात्र त्यावर ठाम विश्वास. म्हणून रोज सकाळी फिरून आले की ते खोडाभोवती एक चक्कर मारायचे, सालीवर बोट घासायचे आणि बोट नाकाशी न्यायचे. मग माझ्या खिडकीकडे बघून म्हणायचे, "आज नाही येत वास. पण उद्याचं सांगता येत नाही."

बरं, चिंचेवर डोळा नव्हता असंही नाही. गाड्या वाढल्या होत्या, पार्किंगला जागा नव्हती. त्यात पुनर्विकासाचं वारं सुरू झालं. बिल्डरने आणलेल्या रंगीत चित्रात गेटजवळ कारंजं होतं, चिंच नव्हती. ते चित्र पाहून आम्ही बायका कारंज्याचं कौतुक करत होतो आणि काकांनी एवढंच विचारलं, की झाड कुठे गेलं. बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "बघू ना काका, ॲडजस्ट करू." त्या दिवसापासून काका दिवसातून दोनदा वास घ्यायला लागले.

स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झालं की काका दोन शब्द बोलायचे. हक्क सगळ्यांना तोंडपाठ, कर्तव्यं कुणाला विचारा. देशातली झाडं, नद्या, जुन्या वास्तू सांभाळणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे असं घटनेत लिहिलंय, आणि तुम्ही एक चिंच सांभाळू शकत नाही. आम्ही जिलेबीकडे बघत टाळ्या वाजवायचो. खरं सांगायचं तर आमचाही त्यांच्यावर संशय होता. एवढा जीव टाकतोय म्हणजे ह्याला काहीतरी मिळत असणार. कुणी म्हणे, मोठा फ्लॅट हवाय म्हणून झाडाचं निमित्त करून अडवतोय. कुणी म्हणे, दुसऱ्या बिल्डरचा माणूस आहे. मुंबईत कुणी फुकट काही करतं, यावर आपला विश्वास बसतो का, सांगा.

मग एकदा कुणीतरी खोडाच्या बुंध्याशी रंगाच्या डब्यातलं घाण पाणी ओतलं. काकांनी वॉर्ड ऑफिसपासून नगरसेवकाच्या दारापर्यंत चपला झिजवल्या आणि चिंचेला पार बांधून घेतला. चांगला गुडघाभर उंच, खोडाला चिकटून सिमेंट, वर चकचकीत लाद्या. काम चालू असताना स्वतः खुर्ची टाकून बसले होते. एके ठिकाणी बोटभर फट राहिली होती, ती त्यांनी गवंड्याला परत बुजवायला लावली. मला म्हणाले, "आता कोण येतो ते बघतोच. मुळापर्यंत थेंब जाणार नाही कुणाचा."

पार झकास झाला, यात वाद नाही. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं बसायला लागली. पोरांना क्रिकेटचा स्टँड मिळाला. काका पहिल्यांदाच जरा निश्चिंत दिसले.

आणि दोन पावसाळे गेल्यावर चिंच वाळायला लागली.

आधी पाला विरळ झाला. मग रस्त्याकडच्या फांद्या उघड्या पडल्या. त्या वर्षी एकही चिंच धरली नाही. काकांचं जेवणखाण सुटलं. वाण्याकडे जाऊन कोण जास्त हिंग नेतं ते विचारून आले. माझ्या पोह्यांना हिंगाचा वास जास्त येतो म्हणून माझ्या घरात येऊन बसले आणि मला तब्बल अर्धा तास प्रश्न विचारले. मी भडकले. म्हटलं, काका, पोटात गॅस होतो आमच्या ह्यांच्या, झाड मारायला नाही वापरत मी. त्यावर ते शांतपणे म्हणाले की सगळे असंच म्हणतात.

शेवटी त्यांनी सावंतला धरलं. सावंत दुसऱ्या मजल्यावरचा, मालवणचा, नवी गाडी घेतलेला, आणि गाडी नेमकी चिंचेखाली लावणारा. चिंचेचा बारीक पाला आणि पक्ष्यांची घाण टपावर पडते म्हणून रोज कुरकुरायचा. काकांनी भर गेटवर त्याला विचारलं, झाडाला काय घातलंस. माणसं जमली. सावंत तसा तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी तो चिडला नाही, दुखावला.

"काका, माझी गाडी तेच्याच सावलेत ऱ्हवता. मी तेका कित्याक मारतलंय?"

काकांनी ऐकलं नाही. अर्ज केले, फोन केले आणि उद्यान खात्यातल्या बाईंना बोलावून घेतलं. तरुण मुलगी होती, पायात बूट, डोक्यावर टोपी. झाडाला कुणी विष घातलंय, तपास करा, असं काकांनी तिला सांगितलं. आम्ही सगळे उभे. सावंत हाताची घडी घालून एका बाजूला.

तिने खोड सगळीकडून पाहिलं. भोक नव्हतं, डाग नव्हता. मग ती पारावर चढली, बुटाने लादी ठोकली आणि म्हणाली, "हे काय केलंय? खोडापर्यंत सिमेंट आणलंय. पाणी जाणार कुठून, मुळांना हवा मिळणार कुठून? झाड गुदमरतंय. हे बांधलं कोणी?"

सगळी कॉलनी जमिनीकडे बघत होती. सावंतला खरं तर तेव्हा बोलायला पूर्ण हक्क होता. तोही खालीच बघत राहिला.

काका पुढे आले. "मी," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "माझं नाव लिहून घ्या."

ती मुलगी वरमली. अहो, पार लगेच फोडा, अजून वाचेल एक बाजू, असं काहीबाही समजुतीचं बोलली. काकांनी हातोडा आणि छिन्नी आणली आणि तिथेच लाद्या फोडायला बसले. त्या वयात, त्या उन्हात. छिन्नी सटकत होती. मला बघवेना. तेवढ्यात सावंत त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने त्यांच्या हातातून हातोडा काढून घेतला. मग बाकीचेही आले. पार गेला, माती मोकळी झाली.

त्यानंतर काकांनी वास घेणं सोडलं. लांबून वळून जायचे. काही महिन्यांनी त्यांची मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. निघताना टॅक्सी गेटजवळ थांबवली, खाली उतरले, हात पाठीमागे बांधून झाडासमोर उभे राहिले. मी म्हटलं, घ्या की काका वास, जाताना तरी.

"नको," म्हणाले. "माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेऊन झाला होता आणि हा शेवटचा एक उरला होता.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याकडची बाजू कापावी लागली, पण आतल्या बाजूला चिंचा धरल्या. मी लगेच फोन केला. काका म्हणाले, "तुम्ही स्वतः पाहिल्यात?" म्हटलं, सावंतच्या गाडीच्या टपावर पडल्यात. तर म्हणे, सावंतनेच बाजारातून आणून टाकल्या नसतील कशावरून? मी हसले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "येतो बघायला." ते यायचे राहिले. पाऊस सुरू व्हायच्या आत गेल्याचंच कळलं.

परवा बिल्डरचा नवा माणूस मोजमापाची टेप घेऊन आला. चिंचेच्या बुंध्याशी वाकला, खोडाला हात लावून बघायला लागला. सावंत गाडी पुसत होता. फडकं खांद्यावर टाकून तो सावकाश त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, त्याला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं,

"तुमच्याकडे हिंग कुठला वापरतात?"